पहिल्या नंबराची किंमत

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन घेतले आहेत.)



आज आम्ही ‘आम्ही’ असंच बोलणार आहोत. त्यात मोठेपणा काही नाही. व्यवस्थापन शिकवणारे आम्ही चार मास्तर एकाच स्टाफरूममध्ये बसतो आणि आजची टिपणं चौघांनी मिळून काढली आहेत. माइकपुढे एकच जण उभा आहे, एवढंच.

विषय जाहीर झाला तो असा : विद्यापीठातल्या बिझनेस स्कूलची कर्तबगारी आणि तिचे अभ्यासक्रम. काहींना वाटलं असेल की आता तासभर माहितीपत्रक ऐकावं लागणार. आम्ही खरोखरच माहितीपत्रक वाचणार आहोत, पण एखादा समीक्षक पुस्तक वाचतो तसं. काय लिहिलंय, काय गाळलंय आणि का गाळलंय, हे बघत. कारण माहितीपत्रक हाही आता एक साहित्यप्रकार झाला आहे. त्याचेही ठरलेले अलंकार असतात. संस्थेचं वय, काचेच्या इमारतीचा फोटो, मानांकन, मोठ्या खुर्चीवर बसलेले माजी विद्यार्थी, पगाराचा आकडा आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, नंबर. आज त्या नंबराबद्दल बोलायचं आहे.

उदाहरण जरा लांबचं घेतलं आहे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातलं. टेम्पल विद्यापीठाचं फॉक्स स्कूल ऑफ बिझनेस. लांबचं घेण्याचं कारण साधं आहे. तिथल्या प्रकरणाचा कोर्टात निकाल लागलेला आहे. कोणी काय केलं यावर वाद घालत बसायला नको, थेट अर्थाकडे जाता येतं.

आधी त्या विद्यापीठाचा जन्म सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रसेल कॉनवेल नावाचे एक बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. १८८४ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात दिवसा काम करणाऱ्या माणसांना रात्री शिकवायला सुरुवात केली. त्या रात्रीच्या वर्गांचं पुढे टेम्पल कॉलेज झालं आणि मग विद्यापीठ. रात्री जागून शिकणारे म्हणून त्या विद्यापीठाचं बोधचिन्ह आजही घुबड आहे. आपल्याकडे घुबड म्हटलं की लोक तोंड फिरवतात; लक्ष्मीचं वाहन आहे हे सोयीस्कर विसरतात. (हशा)

आता गंमत बघा. हे कॉनवेल आपल्यासारख्यांच्याच जातकुळीतले, व्याख्यानमालेतले. त्यांचं एक व्याख्यान होतं, ‘एकर्स ऑफ डायमंड्स’, म्हणजे एकरच्या एकर हिरे. ते त्यांनी आयुष्यात सहा हजारांहून जास्त वेळा दिलं. त्यातली मुख्य गोष्ट आपल्याच बाजूची आहे. सिंधू नदीच्या परिसरात राहणारा अली हाफेद नावाचा एक सुखवस्तू शेतकरी. त्याला कोणीतरी हिऱ्यांबद्दल सांगतं. त्याची झोप उडते. तो शेत विकतो, देशोदेशी हिरे शोधत हिंडतो आणि शेवटी कंगाल होऊन जीव देतो. इकडे ज्याने ते शेत विकत घेतलं, त्याला त्याच शेतातल्या ओहोळात चमकणारा दगड सापडतो, आणि तिथेच गोवळकोंड्याची हिऱ्यांची खाण निघते. सिंधूकाठी गोवळकोंडा! भूगोलाच्या पेपरात कॉनवेलसाहेब नापासच झाले असते. पण गोष्टीचं तात्पर्य पक्कं आहे : बाहेर भटकण्याआधी आपलं शेत नीट बघ.

कॉनवेलना आम्ही संत करत नाही आहोत. श्रीमंत होणं हे माणसाचं कर्तव्यच आहे, असंही त्याच व्याख्यानात ते सांगायचे. गरिबाची गरिबी बरीचशी त्याच्याच दोषामुळे, असा त्यांचा सूर होता. तो आम्हाला पटत नाही. पण रात्री नऊ वाजता थकून आलेल्या कामगारासमोर त्यांनी वही-पेन ठेवलं, ही गोष्ट खरी आहे आणि ती मोठी आहे.

या विद्यापीठात १९१८ मध्ये वाणिज्य शिक्षणाची शाळा सुरू झाली. तिचंच पुढे फॉक्स स्कूल झालं. विमा आणि जोखीम व्यवस्थापन हा तिथला विशेष नावाजलेला विषय. एमबीए तर सगळ्या तऱ्हांचं : पूर्णवेळ, अर्धवेळ, मोठ्या हुद्द्यावरच्यांसाठी वेगळं आणि घरबसल्या करायचं ऑनलाइन. १९९६ पासून मोशे पोरॅट हे डीन होते. त्यांच्या काळात शाळा खूप वाढली. हे मान्य करायला हवं. नुसतेच खलनायक असते तर गोष्ट सोपी झाली असती.

अमेरिकेत ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ दरवर्षी विद्यापीठांच्या आणि अभ्यासक्रमांच्या क्रमवाऱ्या काढतं. फॉक्सचं ऑनलाइन एमबीए या क्रमवारीत २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं पहिल्या नंबरावर होतं. अर्धवेळ एमबीए २०१४ मध्ये ५३ व्या नंबरावर होतं, ते पायऱ्या चढत २०१७ मध्ये सातव्यावर आलं. जाहिरातीत, फलकांवर, पत्रांत सगळीकडे नंबर. विद्यार्थी वाढले, फी वाढली.

मग जानेवारी २०१८. चौथ्यांदा पहिला नंबर जाहीर झाला आणि त्याच महिन्यात बिंग फुटलं. शाळेने कळवलं होतं की नव्याने प्रवेश घेतलेल्या सगळ्या, म्हणजे २५५ विद्यार्थ्यांनी जीमॅटचे गुण दिले आहेत. जीमॅट ही एमबीए प्रवेशाची परीक्षा, आपल्या कॅटसारखी. प्रत्यक्षात गुण दिले होते ५० जणांनी. २५५ आणि ५०. हा टंकलेखनाचा दोष नव्हता. विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली, तेव्हा कळलं की चुकीची माहिती वर्षानुवर्षं जात होती आणि ती एकाच अभ्यासक्रमापुरती नव्हती. जुलै २०१८ मध्ये डीनना पदावरून दूर केलं गेलं. विद्यार्थ्यांनी केलेल्या दाव्यांत सुमारे ५५ लाख डॉलरची तडजोड झाली. केंद्रीय शिक्षण खात्याला ७ लाख डॉलर भरावे लागले. पुढे फौजदारी खटला झाला. दोन सहकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. पोरॅटना ज्यूरीने नोव्हेंबर २०२१ मध्ये दोषी ठरवलं. मार्च २०२२ मध्ये १४ महिन्यांचा तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलर दंड. २०२३ मध्ये अपील फेटाळलं गेलं. हे गृहस्थ स्वतः जोखीम आणि विमा या विषयाचे प्राध्यापक, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बातमी इथे संपते. लबाडी केली, पकडला गेला, शिक्षा झाली. लोक म्हणतात, चला, न्याय झाला. आम्हा चौघांना मात्र हे प्रकरण वाचताना एकेक गोष्ट टोचत गेली. तीनच सांगतो.

पहिली. खोटं नेमकं कशाबद्दल बोललं गेलं? आत येताना विद्यार्थ्याने कुठली परीक्षा दिली होती, त्याला कामाचा किती अनुभव होता, अशा गोष्टींबद्दल. म्हणजे दाराबाहेरच्या गोष्टी. दाराच्या आत काय घडलं, वर्षा-दोन वर्षांत त्याला ताळेबंद वाचता येऊ लागला का, माणसं सांभाळता येऊ लागली का, याबद्दल खोटं बोलायची गरजच पडली नाही. कारण तिथे आकड्यांचं वजन फारसं नव्हतंच. एखाद्या हॉटेलला स्वयंपाकाबद्दल पहिला नंबर द्यायचा आणि मोजायचं काय, तर गिऱ्हाईक कुठल्या गाडीतून उतरलं! अशा नंबरात खोटं शिरलं हे वाईटच. पण समजा सगळे आकडे शंभर टक्के खरे असते, तरी त्या नंबराने शिकवण्याबद्दल कितीसं सांगितलं असतं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, तिच्यावर थोडं थांबतो. २५५ पैकी ५० जणांनी जीमॅटचे गुण दिले, म्हणजे बाकीच्या दोनशे पाच जणांना त्या परीक्षेशिवाय प्रवेश मिळाला. का मिळू नये? ऑनलाइन एमबीएला येणारा माणूस बहुधा नोकरी करणारा. त्याने दहा वर्षं गोदाम सांभाळलं असेल, बँकेत काउंटरवर बसला असेल. त्याला पुन्हा महागडी परीक्षा द्यायला लावून भूमितीची कोडी कशाला सोडवायला लावायची? त्याचा अनुभव बघून आत घेणं, हाच तर टेम्पलचा वारसा. १८८४ मध्ये कॉनवेलनी कुठे कोणाकडे गुणपत्रिका मागितली होती?

म्हणजे बघा, जी या शाळेची खरी कमाई होती, तीच क्रमवारीच्या सूत्रात तोट्याची बाब ठरली. परीक्षा दिलेल्यांचं प्रमाण कमी, तर त्या गुणांचं वजन कमी. मग शाळेने काय केलं? आपली कमाईच लपवली. आमच्याकडे असे कामकरी विद्यार्थी येतात, आम्ही त्यांना परीक्षेशिवाय घेतो आणि चांगलं शिकवतो, हे अभिमानाने सांगायचं सोडून, आमच्याकडे सगळे परीक्षा देऊनच येतात असं लिहून दिलं. खोटं बोलून माणूस साधारण आपला दोष झाकतो. इथे गुण झाकला गेला. अली हाफेदची गोष्ट सहा हजार वेळा सांगणाऱ्या माणसाच्या विद्यापीठात शेत विकलं गेलं, आणि तेही एका प्रकाशनाच्या यादीतल्या जागेसाठी.

कोणी म्हणेल, सूत्रच चुकीचं होतं तर शाळा काय करणार? शाळा बोलू शकत होती. हे सूत्र आमच्यासारख्यांना लागू पडत नाही, असं उघड म्हणू शकत होती. नंबर घसरला असता. घसरू द्यायचा होता. बिझनेस स्कूलमध्ये आम्ही नेतृत्व नावाचा विषय शिकवतो, त्याचा दुसरा काय उपयोग आहे?

तिसरी गोष्ट. आकडे तपासणारी एक समिती त्या शाळेत होती. चौकशीत निघालं की ती डीनच्या काळात मोडीत काढली गेली. क्रमवारी काढणारं प्रकाशन शाळांनी दिलेल्या माहितीवर भिस्त ठेवत होतं. मग विचारणार कोण? प्राध्यापकांना नंबर हवा, विद्यापीठाला फी हवी, आणि विद्यार्थ्यालाही खरं तर आपल्या बायोडेटावर पहिला नंबरच हवा. जिथे सगळ्यांनाच एका आकड्यातून फायदा असतो, तिथे त्या आकड्याकडे डोळे वटारून बघणारं कोणी उरत नाही. हिशेब तपासनीस हा म्हणूनच नेहमी बाहेरचा लागतो. हे आम्ही पहिल्या सत्रात शिकवतो. प्रश्नही विचारतो, पाच मार्कांना.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. सोप्या मराठीत : माप हेच लक्ष्य झालं की ते माप म्हणून निकामी होतं. वजनकाट्यावर पाय ठेवणारा दुकानदार आपल्याला माहीत आहे. इथे सगळा बाजारच काट्यावर उभा आहे.

अपिलात पोरॅट यांच्या बाजूने असं मांडलं गेलं की विद्यार्थ्यांचे पैसे लुबाडण्याचा हेतू सिद्ध झालेला नाही. त्यांना शिक्षण तर मिळालंच. कोर्टाने ते ऐकलं नाही. पण आम्हाला हा युक्तिवाद विचार करण्याजोगा वाटतो, कारण त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी फी भरतो ती नेमकी कशाची? शिक्षणाची म्हणावी, तर ते मिळालं. नंबराची म्हणावी, तर तो खोटा निघाला. आणि नंबर खोटा निघाल्यावर विद्यार्थी कोर्टात गेले, याचा अर्थ पैसे त्यांनी बऱ्याच अंशी नंबराचे दिले होते. त्यांना दोष देत नाही. दुकानाच्या पाटीवरच तो लिहिला होता.

आता घरी येऊ. कारण इतका वेळ दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दाखवला. आपलंही झाडायला हवं.

आपल्याकडे केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. त्यात व्यवस्थापन संस्थांची वेगळी यादी असते. अध्यापन आणि साधनं, संशोधन, पदवीनंतरचं फलित, समावेशकता, लोकांचं मत, असे तिचे पाच भाग. समावेशकतेला जागा आहे, ही चांगली गोष्ट. पण माहितीचा मोठा भाग संस्थेनेच भरायचा. तो फॉर्म भरणारे हात आमचेच असतात. म्हणून एक कबुली देतो. संस्थेचं नाव घेणार नाही, कारण ती आता कशी आहे ते आम्हाला ठाऊक नाही, आणि पाप एकट्या संस्थेचं नव्हतंही.

आम्ही जिथे पूर्वी शिकवत होतो, तिथे एका वर्षी माहितीपत्रकावर छापलं : प्लेसमेंट १०० टक्के. वर्गात साठ मुलं होती. प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेली होती बावीस. ज्यांचं जमणार नाही असं वाटलं, त्यांना आधीच सांगितलं होतं, तू घरचा धंदा बघणार ना, मग नाव कशाला देतोस? बावीसच्या बावीस लागले. बावीस भागिले बावीस, शंभर टक्के. गणित चोख. प्रवेशाच्या दिवसांत एका मुलीचे वडील आले होते, एसटीत कंडक्टर. माहितीपत्रकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “सर, शंभर टक्के म्हणजे सगळी पोरं ना?” आम्ही म्हणालो, “हो, तसंच.” त्यांनी मान डोलावली आणि फी भरायला खिडकीकडे गेले.

आम्हाला कोणी तुरुंगात टाकलं नाही. टाकायला कायद्यात आधारही नसेल. पण फिलाडेल्फियाचा निकाल वाचताना चौघांनाही तेच बोट आठवलं. तिकिटाचे पैसे घेऊन सुटे परत करणारा माणूस होता तो. त्याने हिशेब नीट विचारला होता.

सगळंच काळं आहे असं नाही. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने प्लेसमेंटचा अहवाल कसा लिहावा याची मानकं तयार झाली. त्यात वर्गात एकूण किती, प्लेसमेंटमध्ये उतरले किती, बाहेर राहिले किती, हे सांगावं लागतं आणि बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घ्यावं लागतं. कागद साधा आहे, पण त्यातला छेद, म्हणजे अपूर्णांकाच्या रेषेखालचा आकडा, उघड असतो. आमची मागणी एवढीच आहे. अंश तुम्ही मोठ्या अक्षरात छापा, हरकत नाही. छेदही छापा.

आणि अभ्यासक्रमांबद्दल. आपल्याकडेही नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी संध्याकाळचे, दूरस्थ, ऑनलाइन असे अभ्यासक्रम आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतं. अशा अभ्यासक्रमांकडे दुय्यम म्हणून बघायची आपल्याला खोड आहे. स्टाफरूममध्येही संध्याकाळची बॅच नवख्या मास्तरच्या गळ्यात मारली जाते. पण आमचा अनुभव सांगतो. सकाळच्या वर्गात ‘खेळतं भांडवल’ समजावायला एक तास लागतो. संध्याकाळच्या वर्गात एखादा किराणा घाऊक व्यापारी उठतो आणि म्हणतो, म्हणजे सर, उधारी अडकली की दिवाळीचा माल भरता येत नाही, तेच ना? झालं. धडा संपला. आपल्या शेतातले हिरे म्हणतात ते हेच. त्यांना लपवून आपण बाहेरून पैलू पाडलेली मुलं मागवतो आणि त्यांच्या तेजाला आपली कर्तबगारी म्हणतो.

तेव्हा बिझनेस स्कूलचं माहितीपत्रक हातात आलं की आमच्या मते चार गोष्टी विचाराव्यात. हा आकडा कितींपैकी? तो तपासला कोणी? आत येणारा आणि बाहेर पडणारा यांच्यात फरक काय पडला? आणि या शाळेने असा कोणता विद्यार्थी घेतला, जो दुसऱ्या कोणी घेतला नसता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या शाळेकडे आहे, तिचा नंबर कितवा का असेना, तिला कर्तबगारी आहे.

(टाळ्या)

प्रश्न : माझा मुलगा यंदा प्रवेश घेणार आहे. तुम्ही म्हणता नंबर बघू नका. मग आमच्यासारख्यांनी बघायचं काय? आमच्या घरात कोणी एमबीए नाही.

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरात चार एमबीए आहेत त्यांना नंबर लागत नाही, त्यांना फोन करून कळतं. नंबर तुमच्यासाठीच असतो, म्हणून तर तो खोटा असला की मार तुम्हालाच जास्त बसतो. नंबर बघा, पण तिथे थांबू नका. संध्याकाळी सहा वाजता कॉलेजच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर जा आणि दुसऱ्या वर्षाच्या तीन मुलांशी बोला. ज्यांना नोकरी लागली त्यांच्याशी नको. ज्यांना अजून लागली नाही त्यांना विचारा, कॉलेज तुमच्याशी कसं वागतंय?

प्रश्न : पोरॅट यांना झालेली शिक्षा जास्त होती असं वाटत नाही का? शाळा तर त्यांनीच मोठी केली.

उत्तर : शिक्षेचं मोजमाप कोर्टाने केलं, त्यात आम्ही पडत नाही. पण ‘शाळा मोठी केली’ या शब्दांवर मात्र अडतो. विद्यार्थी वाढले, फी वाढली, हे मोठं होणं खरंच. पण रात्रीच्या वर्गात बसलेल्या माणसाची ज्या शाळेला लाज वाटू लागली, ती त्या दिवशी लहान झाली, असं आम्हाला वाटतं. त्या कंडक्टरसाहेबांना ‘हो’ म्हणालो, त्या दिवशी आम्हीही झालो होतो.